‘क्लच गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं: चौदा वर्षांच्या गाडीची साडेतीन महिन्यांची हकिगत

आमची गाडी फेब्रुवारी २०११ ची. पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, केबलचा क्लच. जून २०२५ मध्ये काट्यावर ९२ हजार किलोमीटर झाले होते आणि क्लच तोवर एकदाही बदललेला नव्हता. राहायला आम्ही वाघबीळला, माझं ऑफिस ऐरोलीला. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून घर ते माजिवडा या पट्ट्यात पाय क्लचवरून निघतच नाही, हे तिथले सगळेच सांगतील.

१४ जूनला, शनिवारी, कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी पहिल्या गिअरमध्ये पडेना. पाऊस जोरात होता, मागून हॉर्न सुरू झाले. क्लच दोनदा दाबून सोडला, दांडा जोर लावून ढकलला तेव्हा खडकन आवाज करत गिअर पडला. पेडल तर आधीचे दोन आठवडे जड लागत होतं. माझा डावा गुडघा थोडा कुरकुरतो, त्यामुळे मी तो दोष गुडघ्याला देत होते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, गिअरबॉक्स असणार. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, क्लच प्लेट गेली, दुसरं काही नाही. गिअरबॉक्स हा शब्द ऐकून पोटात गोळाच आला, कारण पुढच्या फेब्रुवारीत गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं: फॉर्म २५, गाडीची तपासणी, पाच हजार रुपये फी, शिवाय पर्यावरण कर. ते झालं की पुढची पाच वर्षं मिळतात. तो खर्च समोर दिसत असताना गाडीत आणखी पैसे घालायचे का, हा प्रश्न त्याच रात्री घरात निघाला.

रविवारी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांना फोन केला. त्यांचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी एकच गोष्ट करून बघायला सांगितली. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघायचे, मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, तेच पुन्हा. बंद इंजिनला गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनला अडत असतील, तर बहुतेक वेळा गिअरबॉक्स ठीक असतो. क्लच पूर्ण सुटत नसतो, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नसतं. पार्किंगमध्ये जाऊन केलं. बंद असताना पाचही गिअर आणि रिव्हर्स अलगद पडले. चालू केल्यावर पहिला अडला, रिव्हर्सला करकर झाली. हे करायला पाच मिनिटं लागतात, एक पैसा लागत नाही, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर बोलायला काहीतरी हातात असतं.

सोमवारी १६ जूनला वाघबीळ नाक्याजवळच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. बॉनेट उघडून त्याने क्लचच्या केबलचं इंजिनाकडचं टोक दाखवलं. तारेचे चार-पाच पदर तुटून वर आले होते, आणि वरच्या नळीत गंज होता. ‘‘ताई, आधी केबल टाकू. प्लेटचं नंतर बघू.’’ केबल ६२० रुपये, मजुरी ३५०. पेडल इतकं हलकं झालं की पहिल्या दिवशी दोनदा गाडी बंद पडली, पायाला जुन्या जोराची सवय होती. गिअर व्यवस्थित पडायला लागले. जून, जुलै आणि ऑगस्टचे पहिले तीन आठवडे काही झालं नाही.

गणपती २७ ऑगस्टला होते. दिरांकडे वसईला गणपती बसतो, म्हणून हरतालिकेच्या संध्याकाळी आम्ही निघालो. गायमुखच्या चढावर दोन तास अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही वीतभर पुढे सरकत होतो. तिथे प्रथम तो वास आला. तो पेट्रोलचा नसतो, रबराचाही नसतो. भाजलेल्या कागदासारखा, उग्र, घशात बसणारा. सासूबाई मागे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘‘अगं, काहीतरी जळतंय.’’ खिडक्या उघडल्या तर पाऊस आत. चढ संपल्यावर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलो. वास गेला. पण वसईच्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि वेग मात्र दोन क्षण उशिरा वाढायचा. माझ्या गाडीत आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा नाही, त्यामुळे हे कानानेच ओळखावं लागलं. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग एकत्र वाढले पाहिजेत. आवाज पुढे धावला आणि गाडी मागे राहिली, तर क्लच घसरतोय.

जूनमध्ये क्लच सुटत नव्हता, आता तो धरत नव्हता, म्हणजे इंजिनाचा जोर पूर्णपणे चाकांपर्यंत पोचत नव्हता. लोक दोन्हीला ‘क्लच गेला’च म्हणतात. आजार मात्र दोन वेगळे आहेत आणि उपायही वेगळे. हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. मला वाटलं, केबल स्वस्तातली बसवली.

३० ऑगस्टला परत नाक्यावर गेले. मेकॅनिकने हाताने पेडल दाबलं आणि लगेच मान हलवली. पेडल वरून दाबायला लागल्यावर सुरुवातीचा थोडा भाग मोकळा जायला हवा, त्याला तो ‘प्ले’ म्हणत होता. साधारण दोन सेंटिमीटर. माझ्या पेडलला प्ले जवळपास शून्य होता. प्लेट झिजत जाते तशी तिला इंजिनाकडे दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं रिलीज बेअरिंगच्या (पेडल दाबलं की त्या बोटांना ढकलणाऱ्या कड्याच्या) जवळ येतात, केबल आपोआप ताणली जाते आणि प्ले संपतो. मग पाय काढलेला असतानाही बेअरिंग बोटांवर दाबून राहतं, म्हणजे क्लच कायम किंचित दाबलेलाच. त्याने नट सैल करून प्ले परत आणला, शंभर रुपये घेतले आणि स्पष्ट सांगितलं, ‘‘यानं थांबलं तर चांगलं. पंधरा दिवसांत परत आलं, तर मग प्लेट संपली असं धरा. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि ते काम माझ्याकडे होत नाही.’’ त्याच्याकडे लिफ्ट नाही. जमत नसलेलं काम त्याने घेतलं नाही, याचं मला अजून मोल वाटतं.

सोळाव्या दिवशी परत आलं. १५ सप्टेंबरला मुलुंड-ऐरोली पुलाच्या चढाला गाडी तिसऱ्यातही ओढेना. संध्याकाळी सोसायटीच्या मोकळ्या जागेत नवऱ्याने शेवटची चाचणी केली. सपाट जागा, समोर कोणी नाही, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर यायला तयार. इंजिन चालू, तिसरा गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, आणि क्लच हळूहळू सोडायचा. धडधाकट क्लच असेल तर इंजिन झटका खाऊन बंद पडतं. आमचं इंजिन घुमत राहिलं, गाडी जागची हलली नाही, आणि तोच वास. ही चाचणी एकदाच करावी, कारण तेवढ्या वेळातही प्लेट भाजते.

पुढचे चार दिवस दर विचारण्यात गेले. हा सगळ्यात थकवणारा भाग होता, म्हणून सविस्तर लिहिते.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये २१,५०० चा अंदाज मिळाला. त्यात फ्लायव्हीलही (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) नवंच धरलं होतं. ते उघडून बघण्याआधी कसं ठरवलं, असं मी विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा माझ्याशी न बोलता माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, ‘‘सर, पॅकेजच असतं.’’ गाडी मी चालवते, आरसी माझ्या नावावर आहे, प्रश्न मी विचारला होता. मी अंदाजाचा कागद मागून घेतला आणि निघाले. हा कागद मागून घ्यायचाच, काम तिथे करायचं नसलं तरी. त्यावर प्रत्येक सुटा भाग आणि मजुरी वेगळी लिहिलेली असते, दुसरीकडे बोलताना उपयोगी पडते.

दुसऱ्या ठिकाणी फोनवरच ४,५०० सांगितले. फक्त प्लेट, दोन तासांत गाडी परत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) काढायचे, गिअर ऑइल सोडायचं, गिअरबॉक्स खाली घ्यायचा आणि सगळं परत चढवायचं. एवढं काम दोन तासांत, हे ऐकूनच मी ती जागा सोडली.

तिसरं गॅरेज वागळे इस्टेटमधलं, नाक्यावरच्या मेकॅनिकनेच सुचवलेलं. तिथल्या मिस्त्रींनी किंमत सांगण्याआधी दोन प्रश्न विचारले. पार्किंगमध्ये गाडीखाली तेलाचा डाग पडतो का? आणि इंजिन ऑइल मध्येच टाकावं लागतं का? डाग मी पाहिला नव्हता, पण आमचं पार्किंग उघड्यावर आहे आणि चार महिने पाऊस ते धूत होता. ऑइल मात्र जुलैत अर्धा लिटर वाढवलं होतं, हे आठवलं. ते म्हणाले, ‘‘आज रात्री खाली पुठ्ठा टाका.’’ सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढे तीन काळे डाग होते, बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेल्या जागेखाली. फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: प्लेट बदलून भागणार नाही, आत सील (तेल अडवणारं रबरी कडं) गळतंय, प्लेटवर तेल येत असेल.

हा पुठ्ठ्याचा उपाय मला जूनमध्येच कोणी सांगायला हवा होता. प्लेट झिजलेली होती हे खरं, पण ४,५०० वाल्याकडे गेले असते तर नवी प्लेट महिन्या-दोन महिन्यांत तेलाने भिजली असती आणि गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी पडली असती.

सुट्या भागांच्या दुकानात १९ तारखेला गेले. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी या क्लच बनवणाऱ्या कंपन्या. माझ्या गाडीसाठी दुकानात त्यांतल्या एकीचा पूर्ण सेट होता: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. मूळ किंमत ४,००० आणि त्यावर २८ टक्के जीएसटी. दुकानदार म्हणाले, ‘‘सोमवारी घटस्थापनेला या, चारशे रुपये वाचतील.’’ २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के होणार होता. तीन दिवस थांबले, ४,७२० ला सेट मिळाला. बिल गाडीच्या नंबरासह घेतलं. सेटवर हमी असली तरी बिलाशिवाय ती कोणी मानत नाही. मिस्त्रींनी स्वतः सांगितलं होतं की सेट तुम्ही आणा, मी त्यात काही ठेवत नाही. पण इंजिन नंबर आणि चासी नंबर दुकानात दाखवून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांना प्लेटचे दाते वेगळे असू शकतात.

गाडी चालवत नेण्याचं धाडस केलं नाही. विम्यातून दुरुस्तीचा खर्च मिळत नाही, झीज त्यात धरत नाहीत. पण पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं कलम जोडलेलं होतं, त्याचे पैसे आम्ही दरवर्षी भरत होतो आणि कधी वापरलं नव्हतं. २४ तारखेला सकाळी आठला फोन केला. पॉलिसी नंबर, आरसीचा फोटो, गाडी उभी आहे त्या जागेचा फोटो मागितला. एक ओटीपी आला. दीड तासात येतो म्हणाले, पावणेतीन तास लागले. ओढून नेण्याचे किलोमीटर ठरलेले असतात, वाघबीळ ते वागळे त्यात बसलं. टो करणाऱ्याने गाडी चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढले, मीही काढले. दोघांकडे असलेले बरे.

गॅरेजमध्ये जॉब कार्ड लिहून घेतलं: किलोमीटर, पेट्रोलचा काटा, डिकीतलं सामान, आणि ‘जुने भाग मालकाला दाखवायचे’ ही ओळ. ही ओळ मी सांगून लिहवली. मिस्त्रींना राग आला नाही.

२५ ला दुपारी फोन आला, ‘‘ताई, गिअरबॉक्स खाली आलाय. बघायचं असेल तर या.’’ अर्धी सुट्टी टाकून गेले. हा प्रसंग मी विसरणार नाही. चौदा वर्षं ज्यावर पाय ठेवत आले ती वस्तू प्रथमच पाहिली. जेवणाच्या ताटलीपेक्षा थोडी लहान, मध्ये चार स्प्रिंगा, कडेला घर्षणाचं अस्तर. नवी प्लेट शेजारी ठेवली तेव्हा फरक कळला. नव्या प्लेटचे रिव्हेट अस्तरात खोल बसलेले, जुन्याचे जवळपास अस्तराच्या पातळीला आलेले, आणि अर्ध्या भागावर तेलाची काळी चकाकी. प्रेशर प्लेटवर निळसर डाग होते. लोखंड भाजलं की असा रंग येतो, आणि तो बहुधा गायमुखचाच होता.

तेल कुठून आलं, हेही त्यांनी दाखवलं. गिअर ऑइलचा वास तीव्र, गंधकासारखा असतो. इथे बोटावर घेतलं तर साधा इंजिन ऑइलचा वास होता. म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील नव्हे, फ्लायव्हीलच्या मागचं क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, सील. रबर कडक होऊन त्याची कड चिरली होती. सील ३८० रुपयांचं. एवढ्याशा रबरी कड्यासाठी सगळं इंजिन-गिअरबॉक्स वेगळं करावं लागतं, म्हणून ते त्याच वेळी बदललं पाहिजे. ड्राइव्ह शाफ्टची दोन सीलंही बदलायला मी हो म्हटलं, ४४० रुपये. इंजिन माउंटिंगही (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) सुचवलं होतं. चाचणीत फारशी थरथर नव्हती, म्हणून ते आत्ता नको म्हटलं आणि त्यांनीही आग्रह धरला नाही.

एक सूचना. क्लचच्या घरात साठलेली काळी भुकटी हवेचा पाइप मारून उडवतात तेव्हा जवळ उभं राहू नका. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. मी तोंडाला ओढणी लावून बाहेर गेले, आणि तिथल्या मुलाला ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं.

फ्लायव्हील २६ ला लेथवर गेलं. वागळेत लेथवाले पायलीला पन्नास, पण मिस्त्रींचा ठरलेला माणूस दुसऱ्या कामात होता, त्यात एक दिवस गेला. उष्णतेचे डाग होते, खोल चिरा नव्हत्या, म्हणून हलकं फेसिंग मारून, म्हणजे वरचा थर घासून सपाट करून, भागलं. ७०० रुपये. सर्व्हिस सेंटरच्या अंदाजातलं नवं फ्लायव्हील लागलंच नाही.

या दिवसांत मी बसने ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जात होते. रात्री गाडीची रिकामी जागा बघून चुकल्यासारखं व्हायचं. फेब्रुवारीतल्या नूतनीकरणाचा हिशोब आम्ही याच दिवसांत कागदावर मांडला. पत्रा, इंजिन, ब्रेक, सगळं चांगलं होतं, आणि या दुरुस्तीच्या पैशांत तशी दुसरी गाडी कुठेही येणार नव्हती. ठेवायची ठरली.

२७ ला शनिवारी गिअरबॉक्स चढवला. प्लेट बरोबर मध्यभागी बसावी म्हणून दोन्ही प्लेटांमधून डमी शाफ्ट (तात्पुरता दांडा) घालतात, मगच बोल्ट आवळतात, तेही समोरासमोरचे, थोडे थोडे. गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं नवं, दोन लिटर, ११०० रुपये. मजुरी ३,८००. रविवारी गॅरेज बंद. २९ ला संध्याकाळी गाडी मिळाली. सेट धरून ११,१४० झाले, जूनची केबल आणि ऑगस्टचे शंभर मिळवले तर १२,२१०. मिस्त्रींनी कामाची सहा महिन्यांची हमी बिलावर हाताने लिहून सही केली.

ताब्यात घेताना तीन गोष्टी करून बघितल्या. थांबलेल्या गाडीत क्लच दाबून पाच सेकंदांनी रिव्हर्स टाकला, करकर नाही. न्यूट्रलमध्ये पेडल दाबून-सोडून कान लावला. दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंगकडे बघायचं, आणि सोडल्यावर आली आणि दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे. दोन्हीकडे शांत होतं. मग मिस्त्रींना शेजारी बसवून तीन हात नाक्यापर्यंत जाऊन आले. चौथ्यात ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी आवाजाबरोबर पुढे गेली. माझे डोळे भरून आले, त्यांनी रस्त्याकडे बघितलं.

पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवायला सांगितलं होतं: झटक्याने सोडायचं नाही, चढावर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवायची नाही. चढावर आता मी हँडब्रेक ओढते आणि पुढची गाडी पुरेशी सरकली की एकदाच निघते. सिग्नलला न्यूट्रल, आणि पाय पेडलवरून खाली. डाव्या पायाला पेडलवर टेकून राहायची जुनी सवय होती, ती मोडायला तीन आठवडे लागले.

२ ऑक्टोबरला दसऱ्याला गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला. भाऊबीजेला पुन्हा गायमुखच्या चढाने वसईला गेलो. गर्दी तशीच होती. सासूबाई अर्ध्या चढावर म्हणाल्या, ‘‘आज काही जळत नाही ना?’’ काही जळत नव्हतं.

डिसेंबरात हजार किलोमीटर झाल्यावर वागळेत जाऊन प्ले तपासून घेतला, नट अर्धा फेरा फिरवावा लागला, पैसे घेतले नाहीत. पुठ्ठा महिन्यातून एकदा रात्री गाडीखाली टाकते. आतापर्यंत कोरडा आहे.